लोबॉल हा ‘उलटा पोकर’ नव्हे : खेळाचे नियम दस्तऐवजासारखे वाचा

१/ पत्त्यांच्या खेळांची ओळख करून देणाऱ्या बहुतेक मजकुरात लोबॉलची बोळवण एका वाक्यात केलेली असते : ‘नेहमीचा पोकर उलटा करा; ज्याची पाने सर्वांत वाईट, तो जिंकला.’ हे वाक्य सुटसुटीत आहे, लक्षात राहते आणि चूक आहे. ते का चूक आहे आणि त्या चुकीमुळे आपण काय गमावतो, हे या थ्रेडमध्ये मांडतो.

२/ पत्त्यांच्या एका खेळासाठी एवढा आग्रह कशाला, असे कुणी विचारील. इतिहासाची गोडी असलेला तरुण वाचक बखर हाती घेतो तेव्हा ती कुणी, कधी, कुणासाठी लिहिली हे प्रश्न आपोआप विचारतो. नियमांची पुस्तिका हाती आली की मात्र तोच वाचक ही चिकित्सा खुंटीला टांगून ठेवतो. नियम जणू आकाशातून पडले! माझा दावा असा की खेळाचा नियम हाही दस्तऐवज आहे. तो कुणीतरी, केव्हातरी, कशाच्या तरी दडपणाखाली ठरवलेला असतो.

३/ आधी खेळ समजून घेऊ. कॅलिफोर्नियात रूढ झालेला लोबॉल ५२ पाने आणि एक जोकर अशा ५३ पानांनी खेळतात. प्रत्येकाला पाच पाने बंद वाटली जातात. चालींची एक फेरी होते. मग नको ती पाने टाकून तितकीच नवी घेता येतात. ही संधी एकदाच. त्यानंतर चालींची दुसरी फेरी, आणि जे टिकले त्यांनी पाने उघडायची. सर्वांत लहान पाने ज्याची, त्याचा पॉट.

४/ ‘लहान’ कसे ठरवायचे? तुलना नेहमी सर्वांत मोठ्या पानापासून सुरू होते. एकाकडे अठ्ठी, चव्वी, तिर्री, दुर्री, एक्का आहे. दुसऱ्याकडे सत्ती, छक्की, पंजी, चव्वी, दुर्री आहे. नवशिक्याला पहिला संच सरस वाटतो, कारण त्यात चार अगदी बारकी पाने आहेत. जिंकतो दुसरा. सत्ती अठ्ठीहून लहान आहे आणि निकाल तिथेच लागतो. पुढची पाने कुणी पाहतही नाही.

५/ आता खरी मेख. या पद्धतीत एक्का सर्वांत लहान. जोडी हा दोष. पण सिक्वेन्स आणि कलर यांना ना बक्षीस, ना दंड. ते मोजलेच जात नाहीत. म्हणून सर्वोत्तम पाने कोणती? पंजी, चव्वी, तिर्री, दुर्री, एक्का. हिला ‘व्हील’ म्हणतात. जोकर आला तर तो हातात नसलेल्या सर्वांत लहान पानाची जागा घेतो.

६/ ‘उलटा पोकर’ हा सिद्धान्त इथेच कोसळतो. हीच पाच पाने नेहमीच्या पोकरमध्ये सिक्वेन्स ठरतात, आणि चिन्ह एकच असेल तर खेळातल्या सर्वांत बलाढ्य संचांत त्यांची गणना होते. पोकर खरोखरच उलटा केला असता, तर लोबॉलमध्ये ती सर्वांत टाकाऊ ठरायला हवी होती. प्रत्यक्षात ती तिथेही सिंहासनावर बसली आहेत. याला आरशातले प्रतिबिंब म्हणता येत नाही. ही स्वतंत्र मोजपट्टी आहे.

७/ मोजपट्ट्याही एकाहून अधिक. ‘ड्यूस-टू-सेव्हन’ किंवा ‘कॅन्सस सिटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात एक्का सर्वांत मोठा, आणि सिक्वेन्स व कलर अंगाशी येतात. इथे सर्वोत्तम पाने म्हणजे सत्ती, पंजी, चव्वी, तिर्री, दुर्री, तीही सर्व एका चिन्हाची नकोत. सत्तीऐवजी छक्की असती तर? तर सिक्वेन्स झाला असता आणि घात झाला असता.

८/ ‘मग हा तरी खरा उलटा पोकर झाला ना?’ तोही नाही. एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी हा नेहमीच्या पोकरमधला सिक्वेन्स ड्यूस-टू-सेव्हनमध्ये सिक्वेन्स मानत नाहीत. तिथे ती केवळ एक्का मोठा असलेली सुटी पाने. शिवाय ब्रिटनमध्ये ‘लंडन लोबॉल’ म्हणून ओळखली जाणारी तिसरी पट्टी आहे : एक्का लहान, पण सिक्वेन्स आणि कलर मोजायचे. तिथे सर्वोत्तम संच छक्की, चव्वी, तिर्री, दुर्री, एक्का हा. ‘सर्वांत लहान काय’ या एका प्रश्नाची अशी तीन उत्तरे आहेत.

९/ मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. दिवाळीच्या रात्री तीन पत्ती खेळणाऱ्या घरांत ‘मुफलिस’ हा डाव ठाऊक असतो : सर्वांत हलकी पाने ज्याची, तो जिंकला. एक्का मोठा धरला तर मुफलिसमधली सर्वोत्तम पाने कोणती? दुर्री, तिर्री, पंजी, भिन्न चिन्हांची. चव्वी का नाही? कारण दुर्री-तिर्री-चव्वी हा सिक्वेन्स. ड्यूस-टू-सेव्हनचे तर्कशास्त्र आपल्या ओसरीवर आधीच येऊन बसले आहे.

१०/ शब्दही पाहा. ‘मुफलिस’ हा अरबी शब्द. अर्थ दिवाळखोर, कफल्लक. त्याचे नाते तांब्याच्या ‘फल्स’ या नाण्याच्या नावाशी आहे. श्रीमंत पाने हरतात आणि कफल्लक जिंकतो, म्हणून डावाला हे नाव शोभते. खेळाच्या नावातही इतिहास साठलेला असतो, आणि आपण त्यावरून डोळे मिटून पुढे जातो.

११/ पत्त्यांत मोठ्याला लहान आणि लहानाला मोठे करण्याची युक्ती अमेरिकी सलूनमध्ये जन्मली, असाही समज पसरलेला आहे. तोही टिकत नाही. टॅरोच्या पत्त्यांनी युरोपात खेळल्या जाणाऱ्या जुन्या खेळांत प्याले आणि नाणी या दोन चिन्हांत अंकांचा क्रम उलटा असे : दश्शी सर्वांत हलकी, एक्का अंकांत वरचढ. स्पेनमधून पसरलेल्या ओंब्र या खेळातही लाल चिन्हांत लहान अंक मोठ्यावर मात करी.

१२/ आणि युरोपापर्यंत जायला तरी कशाला हवे? आपल्या गंजिफ्यातच पाहा. सावंतवाडीची गोल, रंगवलेली दशावतारी पाने म्हणजे दहा अवतारांची दहा चिन्हे, प्रत्येकी १२ पाने, एकूण १२०. राजा आणि प्रधान वर. पण खालच्या दहा अंकांचा क्रम निम्म्या चिन्हांत सुलटा आणि निम्म्या चिन्हांत उलटा. म्हणजे एका अवताराची दश्शी भारी, तर दुसऱ्या अवताराचा एक्का भारी. खेळाडूला दोन्ही क्रम एकाच वेळी डोक्यात वागवावे लागत.

१३/ म्हणजे ‘लहान तेच मोठे’ ही कल्पना पोकरहून कितीतरी जुनी आहे. पोकरच्या बाजूनेही ‘मूळ’ आणि ‘उलट’ ही भाषा फसवी आहे, कारण ते मूळच स्थिर नव्हते. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात पोकरमध्ये सिक्वेन्स मोजायचा की नाही, हे डाव सुरू होण्याआधी ठरवावे लागे. जो क्रमच अजून ठरत होता, तो उलटा करायचा म्हणजे नेमके काय करायचे?

१४/ आता या थ्रेडचा गाभा. लोबॉल कॅलिफोर्नियात इतका का फोफावला? ‘तिथल्या लोकांना आवडला’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. १८७२ च्या कॅलिफोर्निया दंडसंहितेच्या कलम ३३० मध्ये निषिद्ध खेळांची यादी होती : फॅरो, माँटे, रूलेट आणि इतर. चिनी स्थलांतरितांमध्ये लोकप्रिय असलेला ‘टॅन’ हा खेळही त्या यादीत होता. १८८५ साली तिच्यात आणखी एक नाव घातले गेले : ‘स्टड-हॉर्स पोकर’.

१५/ स्टड म्हणजे काही पाने उघडी वाटण्याचा आणि बदलू न देण्याचा प्रकार. ड्रॉ म्हणजे सर्व पाने बंद आणि बदलण्याची मुभा. यादीत स्टड-हॉर्सचे नाव होते, ड्रॉचे नव्हते. १९११ मध्ये राज्याचे महाधिवक्ता युलिसीस वेब यांनी ड्रॉ पोकर या बंदीत येत नाही, असा अभिप्राय दिला. स्टड नशिबाचा आणि ड्रॉ कौशल्याचा, ही विभागणी तिथे रूढ झाली. लोबॉलचा हा प्रकार ड्रॉ कुळातला असल्यामुळे तो कायद्याच्या सुरक्षित बाजूला उभा राहिला.

१६/ लोबॉलचाच सख्खा भाऊ पाहा. ‘रॅझ’ या खेळात मोजपट्टी कॅलिफोर्नियाचीच : एक्का लहान, सिक्वेन्स आणि कलर मोजायचे नाहीत, व्हील सर्वश्रेष्ठ. फरक इतकाच की तो सात पानांचा स्टड आहे. लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये १९७१ साली त्याची स्पर्धा झाली. कॅलिफोर्नियाच्या क्लबांत मात्र त्याला थारा नव्हता. जिंकण्याची व्याख्या एकच, पाने वाटण्याची रीत वेगळी. आणि तेवढ्यावरून एक खेळ सभ्य, दुसरा गुन्हा.

१७/ १९३६ साली अर्नी प्रिम याने लॉस एंजेलिसच्या दक्षिणेकडील गार्डेना या लहानशा गावात पत्त्यांचा क्लब उघडला. पुढे तिथे असे सहा क्लब उभे राहिले आणि गार्डेना हे कायदेशीर पोकरचे माहेरघर झाले. तिथे मिळत असे ते ड्रॉ पोकर, आणि त्याच्या जोडीला लोबॉल. ज्यांना पोकर खेळायचा होता त्यांना कायद्याने उघड्या ठेवलेल्या दारातूनच आत जावे लागे.

१८/ त्या क्लबांचे अर्थकारणही कलम ३३० नेच घडवले. ज्या खेळात क्लब स्वतः पैसे लावतो किंवा पॉटमधून टक्केवारी घेतो, तो खेळ निषिद्ध. मग क्लबने कमवायचे कसे? जागेचे भाडे आकारून. प्रत्येक खेळाडू दर अर्ध्या तासाला ठराविक रक्कम देई. पॉटला क्लबचा हात लागत नसे. पाने वाटण्याचे कामही खेळाडूच आळीपाळीने करीत. कायद्याच्या एका शब्दाने टेबलावरचे घड्याळ चालवले, ते असे.

१९/ आता या क्लबांच्या परंपरेतला एक नियम वाचा. पाने बदलून झाल्यावर ज्याच्याकडे सत्तीचा किंवा त्याहून सरस संच आहे, त्याने चाल केलीच पाहिजे. तो गप्प बसला, तर त्यापुढे पॉटमध्ये पडलेल्या पैशांवर त्याचा हक्क राहत नाही. ‘उलटा पोकर’ म्हणणाऱ्याला हा नियम विक्षिप्त अपवाद वाटतो. मला तो सार्वजनिक जागेचा नियम वाटतो. अनोळखी माणसे रोज एका टेबलावर बसतात, तेव्हा दबा धरून शिकार करणाऱ्याला वेसण घालावी लागते. मित्रांच्या घरी याची गरज पडत नाही.

२०/ शेवटही न्यायालयातच झाला. १९८० च्या दशकात टेक्सास होल्डेमचा प्रश्न कॅलिफोर्नियात न्यायालयापुढे आला आणि १९८७ पासून होल्डेम तिथल्या क्लबांत शिरला. १९९० साली अपील न्यायालयाने निर्वाळा दिला की होल्डेम म्हणजे यादीतला ‘स्टड-हॉर्स पोकर’ नव्हे. १९९१ मध्ये ते नावच यादीतून वगळले गेले. त्यानंतर लोबॉलची टेबले भराभर रिकामी झाली. आज ती क्वचितच दिसतात.

२१/ या खटल्यात इतिहासप्रेमींनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. १८८५ मध्ये ज्याला ‘स्टड-हॉर्स पोकर’ म्हणत, तो खेळ नेमका कोणता, हाच वादाचा मुद्दा होता. शंभर वर्षे एका नावावर बंदी होती. तिच्या आधारे किती टेबले उठवली गेली असतील. आणि ते नाव कशाचे, हे मात्र कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हते. नियम जपले नाहीत तर पुढे कायद्यालाही आंधळी कोशिंबीर खेळावी लागते, ती अशी.

२२/ पूर्वपक्ष म्हणेल : लोकांची रुची बदलली म्हणून लोबॉल मागे पडला, कायदा केवळ निमित्त. रुचीचा वाटा मी नाकारत नाही. पण नकाशा पाहा. लॉस एंजेलिसहून मोटारीने काही तासांत गाठता येणाऱ्या लास व्हेगासमध्ये १९७० पासून वर्ल्ड सिरीज भरते आणि होल्डेम हाच तिचा मुख्य खेळ बनला. त्याच काळात गार्डेनात ड्रॉ आणि लोबॉलचे राज्य. पत्ते तेच, पैसा तोच, कित्येक खेळाडूही तेच. मध्ये फक्त राज्याची सीमा. रुची निवड करते खरी, पण ताटात जे वाढलेले असते त्यातूनच.

२३/ दुसरा आक्षेप : जुगाराला इतिहासाचा मान कशाला? हा थ्रेड जुगाराची भलामण करीत नाही. ‘मुफलिस’ या शब्दातच त्याचे पुरेसे वर्णन आहे. पण अभ्यास म्हणजे भलामण नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त जुगाऱ्याची वाताहत सांगते. महाभारताचा कणा द्यूतसभेत मोडतो. आणि ते द्यूत नेमके कोणत्या नियमांनी खेळले जाई, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. द्रौपदी पणाला लागली हे लहान मुलालाही ठाऊक असते. शकुनी कोणत्या हिशोबाने जिंकला, हे कुणी खात्रीने सांगू शकत नाही.

२४/ तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : कौशल्य की नशीब, हा वाद पोथीतला, त्याने कुणाचे काय अडते? बिली बॅक्स्टर याचे अडले होते. वर्ल्ड सिरीजची सात ब्रेसलेट त्याच्या नावावर आहेत आणि ती सगळी लोबॉल प्रकारांतली. १९७८ ते १९८१ या वर्षांच्या त्याच्या कमाईवर सरकारने ‘विनाश्रम उत्पन्न’ म्हणून ७० टक्क्यांपर्यंतचा दर लावला. श्रमाच्या उत्पन्नाला कमाल दर ५० टक्के होता. तो न्यायालयात गेला आणि १९८६ साली जिंकला : पत्ते खेळून मिळवलेला पैसा त्याच्या कौशल्याच्या श्रमाचा ठरला.

२५/ आपल्याकडेही हाच प्रश्न त्याच काळापासून रेंगाळतो आहे. कॅलिफोर्नियाच्या यादीत स्टड-हॉर्सचे नाव आल्यावर दोनच वर्षांनी, १८८७ मध्ये, मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा झाला. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्याने मोकळे ठेवले. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने सत्यनारायण खटल्यात रमी प्रामुख्याने कौशल्याची ठरवली : पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते ठेवायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवावे लागते. तीन पत्तीला मात्र त्याच निकालात केवळ नशिबाचा खेळ म्हटले गेले.

२६/ शेजारी ठेवून पाहा. गार्डेनात ‘पान बदलण्याची मुभा’ हा वैधतेचा आधार. दिल्लीत ‘पान टाकण्याचे शहाणपण’ हा वैधतेचा आधार. दोन्हीकडे न्याय एका बारक्या नियमावर तोललेला. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घातली, कौशल्याचा असो की नशिबाचा. शंभराहून अधिक वर्षे चाललेला भेद ऑनलाइन खेळांपुरता एका कायद्याने पुसला. हे योग्य की अयोग्य, यावर भांडा; पण काय पुसले गेले, ते माहीत असू द्या.

२७/ म्हणून ‘उलटा पोकर’ या वाक्यावर माझा राग आहे. ते नुसते अपुरे असते तर क्षम्य होते. पण ते नियमाला गंमत ठरवते, आणि गंमत ठरलेल्या गोष्टीला कुणी ‘का?’ विचारत नाही. एक्का लहान का? सिक्वेन्स का मोजत नाहीत? पाने एकदाच का बदलायची? भाडे तासाच्या हिशोबाने का? यांतल्या काही प्रश्नांची उत्तरे दंडसंहितेत आहेत, काही जुन्या खेळांत, काही टेबलाभोवतीच्या माणसांत.

२८/ आणि दस्तऐवजांतही नियम हा सर्वांत नाशवंत दस्तऐवज. ताम्रपट जमिनीखाली शतके टिकतो. नियम खेळणाऱ्यांच्या तोंडी राहतो आणि त्यांच्याबरोबर जातो. सावंतवाडीची गंजिफ्याची पाने आज आपण हौसेने विकत घेतो, चौकटीत बसवून भिंतीवर टांगतो. त्या पानांनी डाव मांडू शकणारे हात मात्र शोधावे लागतात. पाने उरली, खेळ निसटला.

२९/ तेव्हा इतिहासप्रेमी मित्रहो, एक काम करा. आपल्या घरातली मेंढीकोट, झब्बू, मुफलिस यांची रीत वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा. गाव लिहा, वर्ष लिहा, कुणाकडून शिकलात ते लिहा. शेजारच्या घरात नियम वेगळा असेल तर ‘चुकीचा’ म्हणून खोडू नका. तो दुसरा पाठभेद आहे. पोथ्यांचे पाठभेद जपणाऱ्या समाजाला डावांचे पाठभेद जपणे जड जाऊ नये.

३०/ आणि पुढच्या वेळी कुणी म्हणाले, ‘लोबॉल? सोपे आहे, पोकर उलटा करायचा,’ तर त्याला शांतपणे एवढेच विचारा : कोणता पोकर, कोणत्या वर्षीचा, आणि कोणत्या राज्यातला?

थ्रेड समाप्त.